नवरदेवाच्या गाडीले रेसचा क्लच

रुख्माबाई : हे होय का गाडी? तुम्ही तं म्हणे, तू फक्त जामच्या फाट्यावर उतर, मी गाडी घेऊन उभा राह्यतो.

रूपरावजी : उभाच तं आहो ना मी.

रुख्माबाई : तुम्ही उभे आहा. गाडी झोपून आहे. तिच्या पोटातलं सगळं ह्या माणसानं भुईवर मांडलं.

ओमप्रकाश : नमस्ते काकू. बसा, हा स्टूल घ्या. ग्रीस नाई त्याले, आत्ताच पुसला. गिअरबॉक्स उतरवला म्हून असं दिसते. बाकी बॉडी एकदम ओके.

रुख्माबाई : तू कोण बाप्पा?

ओमप्रकाश : मी ओमप्रकाश. हे गॅरेज माह्यंच. पोटासाठी ट्रकचं काम करतो, पण असली लाइन माही रेसची. दोन साल मद्रासले होतो. रेसच्या गाड्याईखाली झोपून काढले.

रुख्माबाई : अन् आता आमच्या गाडीखाली झोपला. काय झालं तिले?

रूपरावजी : काई नाई वं. जरासं...

ओमप्रकाश : जरासं नाई काकाजी, पूरा क्लच जळला. हे पाह्या काकू, ही प्लेट. इकडून इंजन, तिकडून चाकं, अन् मधात ही. पायडल सोडलं का ही चिपकते, गाडी चालते. पायडल दाबलं का ही सुटते. अन् माणसानं अर्धाच पाय दाबून ठेवला, तं नुसती घासत राह्यते. काकाजीनं पूरी वरात अर्ध्या पायावर नेली.

रूपरावजी : मंग काय करावं? नवरदेवाचे दोस्त समोर नाचून राह्यले, त्याईच्या अंगावर घालू गाडी? बँडवाला चार पावलं चालते, थांबते. मी चार पावलं चालतो, थांबतो.

रुख्माबाई : वास येऊन राह्यला अजून. कोणाची वरात होती?

रूपरावजी : समुद्रपूरच्या एकाची. तू ओळखत नाई.

रुख्माबाई : तुम्ही ओळखता?

रूपरावजी : आता झाली ओळख.

रुख्माबाई : ओमप्रकाश, तुले सांगते आता. हिंगणघाटच्या गिरणीचा साहेब विलायतेले चालला होता, तवा त्याच्यापासून ही गाडी घेतली ह्याईनं. त्या वक्ती माही कोकिळा फ्रॉक घालत होती. आता तिले दुसरं लेकरू झालं, तिचं बाळंतपण करून नागपूरहून आली मी. बसमधे उभी राहून आली. अन् ह्या गाडीत मी अजून एकदाही बसली नाई.

ओमप्रकाश : एकदाही नाई?

रुख्माबाई : दोनच सीटा. एकीवर हे, दुसरीवर नवरदेव.

रूपरावजी : तसं नाई बा. गाडी घरी आणली त्या दिवशी बसली होती तू.

रुख्माबाई : ओवाळायले गेलती. बसणारच होती, तं तुमचा चुलतभाऊ आला. म्हणे दादा, पोराची वरात आहे संध्याकाळी, ही गाडी कशी शोभून दिसन. तवापासून शोभूनच राह्यली.

ओमप्रकाश : पण काकू, नाव आहे गाडीचं. पूरा हिंगणघाट तालुका हिले नवरदेवाची गाडी म्हणते. तुमच्या अल्लीपूरच्या नत्थूनं घोडी विकली हिच्यापायी. घोडीवर बसायले आता कोणी पोट्टा तयार नाई.

रुख्माबाई : नत्थू सुटला बिचारा. आमच्या घरी येऊन पाह्य. लोक विचारतही नाईत. सकाळी येतात, गाडीच्या बोनेटवर नारळ ठेवतात, हळदकुंकू लावतात, चहा पितात अन् जातात. नारळ ठेवला का गाडी त्याईची. मले तं रोज सकाळी पाह्यल्यावर समजते, आज कोणाचं लग्न ठरलं.

रूपरावजी : नारळ परत कसा द्यावा, तूच सांग. नवऱ्या पोराचा बाप हात जोडून दारात उभा. शुभकार्य. त्याले नाई कसं म्हणावं?

रुख्माबाई : तोंडानं.

रूपरावजी : निघत नाई ना तोंडातून. म्या काय प्रयत्न नाई केला? मागच्या वर्षी एकाले म्हणायचं पक्कं ठरवलं होतं. ओसरीवर बसून मनात दहा वेळा म्हटलं. तो आला, मी तोंड उघडलं, तं बाहेर आलं, किती वाजता?

रुख्माबाई : बरं, ते मरू द्या. कामाचं ऐका. अखजीले, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर, नातवाचं बारसं ठरलं. जावई म्हणे, मामीजी, या वक्ती मामाजीले घेऊन या, अन् त्या लाल गाडीनं या, आमच्या गल्लीले पाहू द्या. मी म्हटलं, येतो.

रूपरावजी : अखजीले?

रुख्माबाई : काऊन? चेहरा काऊन उतरला?

रूपरावजी : काई नाई. वडनेरचे बंडूजी आलते परवा. त्याईचा पोरगा. मुलगी आपल्याच गावची आहे, वऱ्हाड उतरायले जानोसा शाळेत देणार आहेत.

रुख्माबाई : नारळ?

रूपरावजी : ठेवला.

ओमप्रकाश : काकू, चहा घेता? समोरच्या हॉटेलात अद्रकवाला मिळते.

रुख्माबाई : नको. मले पाहू दे ह्याईच्या तोंडाकडे. गाडी आणली तवा काय म्हणाले होते तुम्ही मले? आठवते?

रूपरावजी : आठवते.

रुख्माबाई : म्हणाले होते, कोकिळेची माय, तुले बाजूले बसवून नागपूरपर्यंत नेतो, अशी का पदर खांद्यावर राह्यला नाई पाह्यजे. मी हसली होती. मले खरं वाटलं होतं.

रूपरावजी : मलेही खरंच वाटलं होतं वं. ह्या गाडीले चार गिअर आहेत. मी आजलोक दोनच्या वर गेलो नाई. वरातीत पहिला, रिकाम्या रस्त्यावर दुसरा, अन् घरी. तिसरा आहे का नाई हेही मले माईत नाई.

ओमप्रकाश : आहे, आहे. मी खोलून पाह्यला. तिसरा अन् चौथा, दोघाईचे दात अगदी कोरे, जसे कंपनीतून आले तसे. पाहून रडू आलं मले. ही गाडी रेसची होय काकाजी. विलायतेत पोट्टे हिले डोंगरावर पळवतात.

रूपरावजी : मंग आता टाक क्लच अन् कर तयार.

ओमप्रकाश : तेच विचारत होतो, काकू आल्या अन् राह्यलं. कोणता टाकू? एक होता तसाच, साधा. वराती चालतीन, पुढच्या सीझनले पुन्हा जळन, तुम्ही पुन्हा माह्या दारात. अन् दुसरा एक माल माह्यापाशी आहे. खाटेखाली पेटीत ठेवून आहो. थांबा, दाखवतो. हे पाह्या. ह्याच मेकच्या एका रेसवाल्याची गाडी मद्रासले पलटी झाली, तिचा आहे. हात लावून पाह्या स्प्रिंगले.

रूपरावजी : दबत नाई बा.

ओमप्रकाश : दबणारच नाई. डबल ताकद. प्लेटीवर हे तांब्याचे तुकडे, पकडलं का पकडलं. घसरगुंडी नाई. अन् हे फ्लायव्हील. इंजनच्या मागे फिरते ते लोखंडी चाक. तुमच्या गाडीचं ते तिकडे पडलं आहे, उचलून पाह्या. अन् आता हे उचला.

रूपरावजी : अर्धंही नाई हे.

ओमप्रकाश : खरादवर घासून हलकं केलं.

रुख्माबाई : म्हणजे जात्यासारखं. वरची तळी जड असली का हात थांबला तरी एक फेरा फिरून येते. हलकी असली का हात थांबला, जातं थांबलं.

ओमप्रकाश : बस, काकूनं पकडलं. जड चाक म्हणजे हळू चालते, पण बंद पडत नाई. हलकं चाक म्हणजे पाय टेकवला का इंजन चढते, पाय उचलला का तेवढंच भसकन उतरते. हायवेवर राजा. ओव्हरटेक करताना ट्रकवाला पाहातच राह्यते.

रूपरावजी : अन् वरातीत?

ओमप्रकाश : वरात भूल जाओ. ह्या क्लचले अर्धा पाय समजतच नाई. एक तं उडी मारन, नाई तं बंद पडन. बँडच्या मागे लावली, तं नवरदेव ढोलात जाऊन पडन.

रूपरावजी : पक्कं?

ओमप्रकाश : पक्कं म्हणजे? माह्या मायची...

रूपरावजी : शपथ नको घेऊ. सरळ सांग. कोणीही चालवली, कितीही सांभाळून चालवली, तरी बैलाच्या चालीनं चालणार नाई?

ओमप्रकाश : मद्रासचा चॅम्पियन आणून बसवा. नाई चालणार.

रूपरावजी : मंग हाच टाक.

रुख्माबाई : थांबा. माणूस खुश कशानं झाला ते मले समजलं. तुम्ही बंडूजीले नाई म्हणणार नाई. तुम्ही लोखंडाले नाई म्हणायले लावता.

रूपरावजी : तसं समज. माह्याच्यानं होत नाई, लोखंडाच्यानं तं होते. मी म्हणीन, बंडूजी, माही ना नाई, पण गाडी आता चालतच नाई हळू. त्याईलेही वाईट वाटणार नाई, मलेही नाई. अन् अखजीले सकाळी तू अन् मी नागपूर.

रुख्माबाई : ओमप्रकाश, खरं सांग मले. नागपूरचा रस्ता ठीक आहे. पण आमच्या घरापासून डांबरी रोडपर्यंत गल्ली आहे, पार आहे, मधात ढोरं, लेकरं, बैलबंड्या. तिथून हे धूड कसं निघन?

ओमप्रकाश : थोडी तकलीफ होईन, खोटं नाई बोलत. एक्सलेटर चढवून ठेवायचा अन् पायडल एका झटक्यात सोडायचं. भ्यायचं नाई. अन् डाव्या पायाले जोर लागन, काकाजीचा गुडघा दुखन चार दिवस. म्हणत असान तं मधला रस्ताही आहे एक. हा दमदार क्लच ठेवतो, पण तांब्याऐवजी साधी प्लेट टाकतो अन् फ्लायव्हील तुमचंच जड ठेवतो. गल्लीतही चालन, हायवेलेही पळन. रोजच्या वापराले मी तं तेच सांगीन.

रुख्माबाई : मंग ते टाक ना बाबू.

रूपरावजी : नाई, नाई, मधलं नको. मधलं टाकलं का वरातीत चालन. अन् चालन हे लोकाईले समजल्याशिवाय राह्यणार नाई. ओमप्रकाश, तू पेटीतलंच टाक. दोन्ही टाक.

रुख्माबाई : जग गाडी चालावी म्हून पैसे घालते. हे चालू नये म्हून घालून राह्यले.

ओमप्रकाश : काकाजी, तुम्हाले सांगू, हा माल फिट करायचं स्वप्न होतं माह्यं. ट्रकले काय रेसचा क्लच टाकू? सगळे म्हणतात आता मारुती घ्या, मारुती घ्या. असं इंजन ह्या भागात दुसरं नाई. हात धुऊन लागतो ह्याच्यामागे.

रूपरावजी : बस. ऐकलं ना? अखजीले सकाळी. तू रुमाल बांधजो डोक्याले, हवा लय लागते म्हणतात.

रुख्माबाई : कोण म्हणते?

रूपरावजी : नवरदेव म्हणतात.

रुख्माबाई : पायडल दाबल्या जाईन ना तुमच्याच्यानं?

रूपरावजी : तुह्यासाठी दाबीन.

रुख्माबाई : बरं. कोकिळेले कळवते मंग, तुह्ये बाबूजी गाडीनं येऊन राह्यले. हिरवं लुगडं नेसते मी त्या दिवशी. आता चला, हिंगणघाटची बस लागली.

(अखजीचा दुसरा दिवस. तेच गॅरेज. लाल गाडी दाराशी उभी.)

ओमप्रकाश : फाट्यावर वळली तवाच आवाज ओळखला मी. वाघ गुरगुरते जसा. बोला काकाजी, चौथ्यात टाकली?

रूपरावजी : नाई.

ओमप्रकाश : तिसऱ्यात तरी?

रूपरावजी : तिसऱ्यात टाकली, आता येताना. चांगली जाते. चौथा राखून ठेवला. कोकिळेची माय बाजूले बसली का टाकीन म्हटलं.

ओमप्रकाश : म्हणजे? काल नागपूरले नाई गेले? बारसं नाई झालं?

रूपरावजी : बारसं झालं. ती गेली, बसनं. आता येईन इतक्यात, म्हून तिले घ्यायले आलो.

ओमप्रकाश : अन् तुम्ही?

रूपरावजी : मी वरातीत होतो.

ओमप्रकाश : कोण्या गाडीनं?

रूपरावजी : हिच्यानंच.

ओमप्रकाश : हो नही सकता. मी फिट केलेला क्लच वरातीत चालूच शकत नाई.

रूपरावजी : तुह्यं बरोबर आहे. नाई चालला. तुह्या कामाले मी नाव ठेवत नाई.

ओमप्रकाश : मंग गाडी गेली कशी?

रूपरावजी : ऐक. बंडूजीले मी आठ दिवस आधीच निरोप धाडला, गाडी आता हळू चालत नाई, इंजन बंद पडते, माहा इलाज नाई. त्याईचा उलट निरोप आला, रूपरावजीले म्हणा काळजी करू नका, आम्ही सोय करतो. मले वाटलं, दुसऱ्या गाडीची सोय करतात. इतकं हलकं वाटलं मले, ओमप्रकाश, म्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाले तरी नाई म्हटलं असं वाटलं. सकाळी उठून गाडी धुतली. तिनं हिरवं लुगडं नेसलं, डोक्याले रुमाल बांधला, अन् बसली.

ओमप्रकाश : बसल्या काकू?

रूपरावजी : बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली, तहसिलात बसते माणूस तशी. मी म्हटलं, टेक ना पाठीले. टेकली. म्हणे, मऊ आहे.

ओमप्रकाश : मंग?

रूपरावजी : मंग अंगणातून निघालो. पारापाशी बंडी आडवी आली, हळू केली, तं बंद पडली. पुन्हा चालू केली, एक गचका बसला, पुन्हा बंद.

ओमप्रकाश : एक्सलेटर चढवून ठेवा म्हटलं होतं.

रूपरावजी : समोर लेकरं खेळून राह्यले, कसा चढवू? तेवढ्यात बँडवाज्याचा आवाज आला. पाह्यतो तं बंडूजी. मागे सगळे वऱ्हाडी, अन् समोर बैलजोडी. शिंगं रंगवलेले, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरू. दोरखंड तयार. म्हणे, रूपरावजी, तुमचा निरोप भेटला. तुमच्या इंजनले आम्ही बिलकुल त्रास देणार नाई. तुम्ही फक्त स्टेरिंग धरा.

ओमप्रकाश : बैलं जुपले? माह्या क्लचले?

रूपरावजी : तुह्या क्लचले नाई. न्यूट्रलमधे होती.

ओमप्रकाश : अन् काकू?

रूपरावजी : बसून होती.

ओमप्रकाश : बसून होती, मंग?

रूपरावजी : नवरदेव येऊन दरवाज्याशी उभा राह्यला. मुंडावळ्या, हार, सगळं. उन्हात. पाहुणे पाहून राह्यले. सीटा दोनच.

ओमप्रकाश : काय म्हणाले तुम्ही?

रूपरावजी : मी म्हटलं, कोकिळेची माय, घटकाभर उतर.

ओमप्रकाश : काकाजी.

रूपरावजी : उतरली. नवरदेवाले म्हणे, बस बाबू, सीट गरम करून ठेवली. पिशवी घेतली अन् स्टँडकडे चालू लागली. मले वाटलं, वरात पोचवतो अन् मागून गाडी घेऊन जातो, स्टँडवरच गाठतो तिले. पण मंग मंडपात त्याईनं मले शेला दिला, टोपी दिली, जेवल्याशिवाय जाऊ देईनात.

ओमप्रकाश : अन् तुम्ही जेवले.

रूपरावजी : आग्रह करत होते रे. अन् वरात अशी झाली म्हणतात का आजलोक झाली नाई. धूर नाई, वास नाई, आवाज नाई. बँड नीट ऐकू आला. आता सगळे म्हणतात, इंजनपेक्षा बैलच बरे. आज सकाळपासून तीन नारळ आले. एक तं पार आर्वीकडचा आहे, मी त्याले पाह्यलंही नव्हतं कधी.

ओमप्रकाश : मी वाघ बनवून दिला, तुम्ही त्याले बैलाच्या मागे बांधला. मद्रासवाले ऐकतीन तं काय म्हणतीन? बरं, बस आली पाह्या. काकूच उतरून राह्यल्या.

रूपरावजी : इकडे वं, इकडे. दे ती पिशवी. गाडी आणली मी.

रुख्माबाई : दिसली. लांबूनच दिसली.

रूपरावजी : बारसं चांगलं झालं?

रुख्माबाई : झालं. अच्युत ठेवलं नाव.

रूपरावजी : चांगलं आहे. मले विचारत होते का?

रुख्माबाई : कोकिळेनं तुमची जागा राखून ठेवली होती सतरंजीवर, भिंतीपाशी. पाठ टेकायले लागते तुम्हाले म्हून. बारा वाजेलोक कोणाले बसू दिलं नाई. मंग कोणतरी बसलं.

रूपरावजी : रागावली तू.

रुख्माबाई : काल रागावली होती. बुटीबोरीपर्यंत राग होता. मंग एका बाईचं लेकरू मांडीवर घेतलं, ते झोपलं, तं राग उतरला.

रूपरावजी : मंग बस. हे घे, रुमाल आणला मी तुह्या डोक्याले. रस्ता रिकामा आहे. हिंगणघाटपर्यंत कोणी आडवं येत नाई. चौथा गिअर अजून टाकला नाई, ओमप्रकाशले विचार. तुह्यासाठी ठेवला.

रुख्माबाई : सीटवर काय आहे?

रूपरावजी : नारळ होय. थांब, उचलतो. मागे ठेवतो. झालं. बस आता.

रुख्माबाई : नाई.

रूपरावजी : काय नाई?

रुख्माबाई : मी बसत नाई.

रूपरावजी : काऊन पण? आता कोणी नवरदेव नाई, कोणी नाई. कान धरू का मी इथं, फाट्यावर?

रुख्माबाई : कान कायले धरता. मी भांडून नाई राह्यली. तुम्ही विचारलं बस म्हून, मी म्हटलं नाई. इतकंच आहे ते. पाह्या बरं, काई झालं? तुम्ही उभे आहा, मी उभी आहो, ओमप्रकाश पाना घेऊन उभा आहे. आभाळ जागच्या जागी आहे.

रूपरावजी : मले वाईट वाटलं ना.

रुख्माबाई : वाटते थोडं. मंग जाते. मलेही गेलं ना काल. हिंगणघाटची लागली पाह्या. पिशवी द्या ती. तुम्ही या मागून. चहा ठेवते मी.

रूपरावजी : मी आधी पोचीन. ही गाडी बसपेक्षा जोरात जाते.

रुख्माबाई : मंग तुम्ही ठेवा चहा.

ओमप्रकाश : गेली बस, काकाजी. या, सावलीत बसा.

रूपरावजी : खिडकीची जागा भेटली का तिले?

ओमप्रकाश : भेटली. रुमाल बांधून राह्यल्या होत्या डोक्याले.

रूपरावजी : मले लाज वाटून राह्यली, ओमप्रकाश. बारशाचं जाऊ दे, बारसं हुकते माणसाचं. पण काल ती उतरली, तवा मी तिच्याकडे पाह्यलं नाई. नवरदेवाचा हार दरवाज्यात अडकू नये म्हून मी हाराकडे पाहून राह्यलो होतो.

ओमप्रकाश : म्हणत असान तं जुनं फ्लायव्हील टाकून देतो परत.

रूपरावजी : बैलाईले काय फरक पडते, कोणतंही असो.

ओमप्रकाश : काकाजी, एक बात बोलू? वक्त खराब आहे, मले समजते.

रूपरावजी : बोल.

ओमप्रकाश : माह्या साळ्याचं लग्न आहे गिरडले. कालची वरात त्यानं ऐकली कुठून तरी, तवापासून माह्या मागे लागला. मी त्याले सांगतलं, काकाजी आता देत नाई. तं तुम्ही आता मले नाई म्हणा. सरळ. मी वाईट मानणार नाई, वरून चहा पाजीन. तुमची सवय होईन.

रूपरावजी : तुले म्हणू?

ओमप्रकाश : मलेच म्हणा. इथं दुसरं कोण आहे? काकू म्हणाल्या तसंच.

रूपरावजी : ना...

ओमप्रकाश : हां, शाबास. पूरं म्हणा.

रूपरावजी : पोरगा कसा आहे पण?

ओमप्रकाश : साळा? गरीब आहे स्वभावानं. बाप नाई त्याले, बहिणीनंच केलं त्याचं सगळं. पण ते सोडा, तुम्ही म्हणा.

रूपरावजी : बाप नाई म्हणते?

ओमप्रकाश : लहान होता तवाच गेले.

रूपरावजी : बैल तुह्ये, का मी आणू?